बंद पडलेलं डिजिटल घड्याळ फेकू नका, आधी मागचं झाकण उघडा

आमच्या कोकणात ज्या ज्या घरातलं माणूस ऐंशीच्या दशकात कुवेत, दुबई नाहीतर मस्कतला नोकरीला होतं त्यातल्या बऱ्याच घरांत अजूनही एखादं डिजिटल घड्याळ सापडतं. कपाटाच्या खणात, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पासपोर्टांच्या पिशवीत. सेइको, कॅसिओ, सिटिझन. पट्टा तुटलेला, काचेवर ओरखडे, आकडे गायब. घरातले सांगतात की ते कधीचंच बंद पडलंय, घड्याळवाला म्हणाला याचं मशीन मिळत नाही, तसंच ठेवून द्या. घड्याळवाल्याचाही दोष नाही, तो चावीच्या घड्याळांवर शिकलेला, त्याला चाकं आणि स्प्रिंगा दिसल्या पाहिजेत, इथे आत सर्किटची एक हिरवी पट्टी आणि एक काळा ठिपका, म्हणजे चिप. पण मी गेली बरीच वर्षं ही घड्याळं उघडतोय आणि माझं ठाम मत झालंय की यातली पुष्कळशी मेलेली नसतात. सेलपासून चिपपर्यंत किंवा चिपपासून आकडे दाखवणाऱ्या आतल्या काचेपर्यंत करंट पोचत नसतो, एवढंच झालेलं असतं, आणि ते घरच्या टेबलावर बसून ठीक करता येतं.

आधी आत काय चालतं ते समजून घेऊ, कारण ते कळलं की बिघाड शोधायला सोपं जातं. क्वार्ट्जचा एक बारीकसा तुकडा असतो, दोन पायांच्या चिमट्याच्या आकाराचा, छोट्या धातूच्या नळीत बंद केलेला. त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच घेतलेला नाही, दोनाने पंधरा वेळा भागला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. चिप हे भागायचं काम करते आणि मग आकडे मोजून काचेवर पाठवते. आत फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे झिजण्यासारखं काहीच नाही! चाळीस वर्षं जुनं यांत्रिक घड्याळ उघडलं की तेल सुकलेलं असतं, ते सगळं खोलून धुवावं लागतं, इथे तो प्रकारच नाही. जे बिघडतं ते कडेकडेचं, सेलचा कॉन्टॅक्ट, रबराची पट्टी, बटणाची पत्री, काचेवरची फिल्म.

अगदी पहिली डिजिटल मनगटी घड्याळं मात्र वेगळी होती. अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने १९७० साली पल्सर नावाच्या घड्याळाची घोषणा केली आणि १९७२ मध्ये ते विक्रीला आलं, सोन्याच्या केसमध्ये, किंमत २१०० डॉलर. लाल एलईडीचे आकडे, पण ते बटण दाबल्यावरच दिसायचे, कारण एलईडी इतका करंट खाते की सतत चालू ठेवली तर सेल लगेच संपेल. आणि वेळ लावायला बटणच नव्हतं, पट्ट्याच्या कडीत एक छोटं लोहचुंबक ठेवलेलं असायचं, ते काढून घड्याळाच्या मागच्या खाचेजवळ धरायचं, एका जागी तास पुढे सरकायचे, दुसऱ्या जागी मिनिटं. असं पल्सर कुणाकडे असेल तर त्या चुंबकाला जपा, आणि घड्याळ वापरात नसेल तेव्हा सेल आत ठेवूच नका. चारच वर्षांत, १९७६ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लास्टिकचं एलईडी घड्याळ २० डॉलरला आणलं आणि बाजारच कोसळला. तिकडे जपानमध्ये सेइकोने १९७३ ला सहा आकड्यांचा एलसीडी आणला होता, कॅसिओने १९७४ च्या नोव्हेंबरात कॅसिओट्रॉन काढलं ज्यात महिन्याचे दिवस आपोआप मोजले जायचे, आणि मग एलईडी संपलीच, कारण एलसीडी स्वतः उजेड देत नाही, फक्त बाहेरचा उजेड अडवते किंवा सोडते, त्याला करंट नावापुरता लागतो, म्हणून वेळ कायम समोर. आखातातून आपल्याकडे आली ती बहुतेक ही एलसीडीवाली.

आता कामाचं. झाकणं तीन प्रकारची असतात, चार बारीक स्क्रूंचं, दाबून बसवलेलं आणि आख्खं फिरवायचं. दाबून बसवलेल्याला कडेला कुठेतरी एक बारीक खाच असते, ती भिंगाने शोधा आणि तिथूनच पातं घाला, दुसरीकडून घालाल तर झाकण वाकतं आणि पुन्हा नीट बसत नाही. खाली पांढरं कापड अंथरा. हे मी फार कळकळीने सांगतोय, कारण अलार्म असलेल्या घड्याळात झाकण आणि मशीन यांच्यामध्ये एक केसाएवढी स्प्रिंग उभी असते, झाकणाला आतून चिकटवलेल्या चकतीला तीच करंट देते आणि ती चकती थरथरून आवाज करते. झाकण उघडताना स्प्रिंग उडाली आणि फरशीवर गेली की अलार्म कायमचा मुका. जुनी घड्याळं चालतात पण वाजत नाहीत त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं की आधी कुणीतरी सेल बदलताना ती स्प्रिंग हरवलेली असते.

उघडल्यावर काहीही हलवायच्या आधी मोबाइलने फोटो काढा, सेल कुठल्या बाजूने वर आहे, रबराची रिंग कशी बसलीय, सगळं. मग सेल काढा, प्लास्टिकच्या चिमट्याने, धातूचा चिमटा सेलच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकला तर तो शॉर्ट होतो.

सेलबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त घड्याळं सेलमुळेच गेलीत. एकाच मापाचे दोन सेल मिळतात. एसआर अक्षरांनी सुरू होणारा सिल्व्हर ऑक्साइडचा, एलआर ने सुरू होणारा अल्कलाइन. एसआर६२६एसडब्ल्यू, ज्याला दुकानात ३७७ म्हणतात, आणि रस्त्यावर दहाच्या पत्त्यावर मिळणारा एजी४, दोन्ही एकाच खाचेत बसतात, दिसायलाही सारखेच. पण सिल्व्हर ऑक्साइडचा सेल शेवटपर्यंत १.५५ व्होल्ट जवळजवळ तसाच धरून ठेवतो आणि मग एकदम संपतो, अल्कलाइनचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, आकडे फिके पडायला लागतात, आणि तो गळायचीही शक्यता जास्त. चांगल्या घड्याळात थोडे पैसे वाचवायला अल्कलाइन घालू नका. अजून एक बारकावा, शेवटी नुसता डब्ल्यू असेल तर तो दिवा आणि अलार्म असलेल्या, मध्येच जास्त करंट ओढणाऱ्या घड्याळांसाठी, एसडब्ल्यू असेल तर साध्यासाठी. ३८९ आणि ३९० हे मापाने एकच आहेत, ३८९ म्हणजे एसआर११३०डब्ल्यू आणि ३९० म्हणजे एसआर११३०एसडब्ल्यू. जुन्या सेइकोत आकड्यांमागे चक्क एक इवलासा बल्ब असतो, एलईडी नाही, बल्ब! तो पेटताना करंट बराच घेतो, म्हणून तिथे डब्ल्यूवालाच घालावा. नंतरच्या कॅसिओत ३ व्होल्टचा लिथियम सेल येतो, एफ-९१डब्ल्यू या मॉडेलमध्ये सीआर२०१६, तिथे सीआर२०२५ दाबून बसवायचा नाही, तो जाड असतो, पत्री वाकते. आणि घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल टेबलावर ठेवू नका, गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो, ही खरंच गंभीर गोष्ट आहे.

सेल गळलेला असेल तर आत पांढरी नाहीतर हिरवट पूड दिसेल. ती अल्कली असते, म्हणून कापसाच्या काडीला थोडंसं व्हिनेगर लावून फक्त तेवढ्याच जागी पुसायचं, लगेच स्वच्छ पाण्याने अगदी निथळलेल्या काडीने, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हे अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं. पत्री काळी पडली असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने हलकंसं घासा, पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा जातो आणि पुढे गंज लवकर धरतो.

आणि आता ती गोष्ट जी माहीत नसल्यामुळे नवा सेल घालूनही घड्याळ "बंद" राहतं. जुन्या कॅसिओचं मशीन उघडलंत तर सेलच्या पत्रीजवळ किंवा स्टिकरवर एसी (ऑल क्लिअर, म्हणजे सगळं पुसून टाका) अशी दोन इंग्रजी अक्षरं दिसतील, शेजारी एक उघडा ठिपका किंवा भोक. नवा सेल बसवल्यावर या एसीच्या ठिपक्याला आणि सेलच्या प्लस बाजूला धातूच्या चिमट्याची दोन टोकं एकाच वेळी टेकवायची, दोनेक सेकंद, आणि सोडायचं. चिमटा धातूचाच हवा असं इथेच. का करायचं? सेल नसताना चिपमधली सगळी मोजणी अर्धवट अवस्थेत राहिलेली असते, करंट परत आला की ती कुठूनही सुरू होते, कधी आकडे कचऱ्यासारखे दिसतात, कधी पूर्ण कोरं, कधी बटणंच चालत नाहीत. एसी केलं की सगळं शून्यावर येतं आणि चिप पहिल्यापासून सुरू करते. माझ्या मामाचं कुवेतहून आणलेलं कॅसिओ असंच वर्षानुवर्षं पडून होतं, दोन दुकानांत नवा सेल घालून बघितला होता, दोन्हीकडून परत आलेलं. आत सगळं स्वच्छ होतं, फक्त हे केलेलं नव्हतं. चिमटा टेकवला आणि आकडे उमटले. मामा पंचाहत्तरीचा आहे, घड्याळ हातात घेऊन त्याने पहिलं काय केलं तर स्टॉपवॉच सुरू करून बघितलं, बटणं त्याच्या बोटांना पाठच होती.

एसी करूनही आकड्याचा एखादा तुकडा दिसत नसेल, म्हणजे ८ चा ६ दिसतो, ७ चा वरचा दांडा गायब, तर चिप गेली असं समजू नका. काच आणि सर्किट यांच्यात तारा नसतात, एक मऊ रबराची पट्टी असते, तिच्यात वीज वाहून नेणारे काळे आणि न वाहणारे पांढरे थर आलटून पालटून, म्हणून तिला झेब्रा म्हणतात. चाळीस वर्षांत तिच्यावर किंवा काचेच्या काठावर मळ बसतो नाहीतर पट्टी थोडी सरकते आणि तेवढ्या रेघेला करंट मिळत नाही. मशीनचे बारीक स्क्रू किंवा खटके सोडवायचे, पट्टी उचलायची, अल्कोहोल लावलेल्या काडीने पट्टीचे दोन्ही काठ, सर्किटवरच्या सोनेरी रेघा आणि काचेचा काठ पुसायचा, पूर्ण सुकू द्यायचं, परत तशीच बसवायची, बोटाने कडा दाबायच्या नाहीत कारण तेल लागतं. मात्र काचेच्या वर आणि खाली चिकटवलेल्या फिल्मवर अल्कोहोल जाऊ देऊ नका, ती फिल्म खराब होते. बऱ्याच जुन्या कॅसिओत सगळी बटणं एकदम दाबली की सगळे आकडे सगळ्या दांड्यांसकट उमटतात, तपासायला ही सोय फार उपयोगी.

ती फिल्म म्हणजे पोलरायझर. ती पिवळी पडली, डाग पडले, तर आकडे पुसट दिसतात पण घड्याळ आतून ठणठणीत असतं. पोलरायझरचे शीट विकत मिळतात, जुनी फिल्म सावकाश सोलायची, गोंद साफ करायचा, नवा तुकडा काचेवर नुसता धरून फिरवून बघायचा, एका कोनात आकडे गडद काळे दिसतात, तोच कोन धरून कापायचा. नव्वद अंशात फिरवला तर उलटं होतं, काळ्यावर फिके आकडे, काही लोकांना ते आवडतं, मला घड्याळ जसं कंपनीतून आलं तसंच बरं वाटतं. पण काचेत काठाकडून शाईसारखा काळा डाग पसरलेला असेल तर तिथे काही करता येत नाही, दोन काचांमधलं सील फुटलंय, दुसऱ्या घड्याळाची काच मिळाली तरच.

वापरायचं कसं हे खरं तर वेगळं लिहायचा विषय आहे, पण एफ-९१डब्ल्यू वरून सांगतो, १९८९ पासून आजही मिळतं आणि मॅन्युअल हरवलेल्या बऱ्याच जुन्या कॅसिओंचा स्वभाव यावरून कळतो. डावीकडे खालचं बटण मोड बदलतं, तीनदा दाबलं की वेळ लावायच्या मोडमध्ये जातं आणि सेकंद लुकलुकतात. उजवं बटण दाबलं की सेकंद शून्य होतात, पण ३० च्या पुढे असताना दाबलं तर मिनिट एकने वाढतं, हे लक्षात ठेवा. डावीकडचं वरचं, एरवी दिव्याचं असलेलं, तेच पुढच्या आकड्यावर नेतं, तास, मिनिटं, महिना, तारीख, वार. साध्या वेळेत उजवं बटण १२ आणि २४ तास बदलतं, आणि तेच तीन सेकंद धरून ठेवलं तर स्क्रीनवर कॅसिओचं नाव उमटतं, नकली ओळखायला लोक हे बघतात. यात वर्ष लावायची सोय नाही, त्यामुळे फेब्रुवारी त्याच्या लेखी कायम २८ दिवसांचा, लीप वर्षात तारीख हाताने मागे घ्यावी लागते.

वेळ मागेपुढे होते ही दुसरी तक्रार. एफ-९१डब्ल्यू साठी कंपनी महिन्याला ३० सेकंद इकडेतिकडे सांगते. क्वार्ट्जचा तो चिमटा साधारण २५ अंशांना बरोबर चालेल असा कापलेला असतो, त्यापेक्षा गरम झालं तरी आणि थंड झालं तरी तो मंदच होतो, आणि मंद होणं तापमानातल्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. म्हणजे मुंबईत ३५ अंशांत खणात पडलेलं घड्याळ महिन्याला ढोबळमानाने नऊएक सेकंद मागे पडेल, आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत तेच छत्तीस-सदतीस सेकंद! म्हणून घड्याळ हातात घातलेलं चांगलं, हाताच्या उबेने तापमान बरंचसं एकसारखं राहतं. सत्तर-ऐंशीच्या मशीनवर बऱ्याचदा एक इवलासा फिरवायचा स्क्रू असतो, ट्रिमर. तो अगदी केसभर फिरवून वेग कमीजास्त करता येतो. आधी मूळ जागेचा फोटो घ्या, एकदा फिरवा, झाकण लावा, आठवडाभर हातात घाला, मग फरक मोजा आणि परत. फिरवायला शक्यतो प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर, धातूचा टेकलेला असेपर्यंत वेगच बदलतो. आमच्याकडे पूर्वी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप्सवर घड्याळ लावायचे, मी मोबाइलवर लावतो, पण ट्रिमरचं काम पहाटे शांततेत करायला मला मनापासून आवडतं.

आपल्या हवेचा मोठा शत्रू दमटपणा. रेझिनचे पट्टे आणि कॅसिओच्या दणकट जी-शॉक घड्याळांचं बाहेरचं आवरण, १९८३ च्या पहिल्या डीडब्ल्यू-५०००सी पासूनचं, हे पॉलियुरेथेनचं असतं, हवेतलं पाणी त्याला आतून तोडत जातं, वापरलं नाही तरी. एक दिवस हातात घेतलं की तुकडे पडतात. त्याला तेल, क्रीम काहीही लावून उपयोग नाही, फक्त कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि घाम धुऊन, पुसून ठेवा. पितळेवर क्रोम चढवलेल्या केस असतील तर घामाने कडेला हिरवं येतं, मऊ ब्रशने काढा, भांडी घासायचं पॉलिश नको. झाकणाची रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला, नवीला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात लावा, आणि तरीही मागे वॉटर रेझिस्टंट वगैरे काहीही लिहिलेलं असो, एवढं जुनं घड्याळ घालून पावसात भिजू नका, पोहू तर नकाच, ओल्या हाताने बटण दाबलंत तर पाणी बटणाच्या दांड्यावरून आत जातं. काचेत वाफ दिसली तर त्याच दिवशी झाकण उघडा, सेल काढा, पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, उन्हाने काच काळी पडते. ठेवूनच द्यायचं असेल तर सेल काढून ठेवा, या एका सवयीने जितकी घड्याळं वाचतील तितकी माझ्यासारख्याच्या हातून दुरुस्त होणार नाहीत.

चोर बाजारात नाहीतर जुन्या बाजारात विकत घ्यायला जाणार असाल तर खिशात ३७७, ३८९ आणि सीआर२०१६ असे नवे सेल, एक भिंग आणि एक बारीक चिमटा ठेवा. विकणाऱ्याला विचारून झाकण उघडा, तो सहसा नाही म्हणत नाही कारण त्याच्या दृष्टीने ते बंदच असतं. सेलच्या जागी हिरवं असेल पण सर्किटच्या रेघा अखंड दिसत असतील तर घ्या. रेघच खाल्ली गेली असेल तर किंमत पाडून घ्या, पार्टसाठी, कारण त्याची स्प्रिंग, बटणं, झाकण आणि काच दुसऱ्या एखाद्याला लागणारच आहेत, आणि ते आता कुठलीच कंपनी बनवत नाही.